पाण्याखालची शिरगणती

मालवणहून चौक्यावरून कुडाळकडे जाताना वाटेत धामापूर हे गाव लागते. गर्द झाडीने भरलेल्या डोंगरांच्या कुशीत येथे एक विस्तीर्ण तलाव आहे. इ.स. १५३० मध्ये विजयनगर साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने डोंगरांच्या मधल्या जागेत मातीचा बांध घातला आणि पावसाचे वाहून जाणारे पाणी अडविले. तेव्हापासून हा तलाव धामापूर आणि काळसे या गावांतील शेती व पोफळीच्या बागा भिजवीत आला आहे. मालवण शहरालाही त्याचे पाणी पोहोचते. इतका जुना बांध आजही आपले काम चोख बजावीत आहे, ही गोष्ट परदेशांतील जाणकारांच्याही नजरेत भरली. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये धामापूरच्या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला.

तलावाच्या काठी श्रीभगवती देवीचे मंदिर आहे. या तलावाविषयी एक आख्यायिका सांगतात. पूर्वी गावातील गरिबाच्या घरी लग्नकार्य निघाले, की तो परडीत फुलांचे दागिने करून ती परडी तलावाच्या पाण्यावर सोडी. दुसऱ्या दिवशी परडीत सोन्याचे दागिने येत. कार्य उरकले, की ते दागिने परत पाण्यात सोडावयाचे, एवढीच अट होती. पुढे कोणा एकाला मोह पडला. त्याने दागिने परत केले नाहीत, आणि त्या दिवसापासून परडी रिकामीच येऊ लागली.

आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु तलावाच्या पोटात दडलेले एक धन मात्र अगदी खरे आहे, आणि ते म्हणजे मासे. कोकणातील गोड्या पाण्यात मरळ आढळते, सापासारखी लांबट वाम आढळते, मिशा असलेली शिंगटी आढळते. आणि ज्यांना धड नावेही मिळालेली नाहीत, असे बोटभर लांबीचे खवल्यांचे मासे तर पुष्कळच असतात. खंड्या आणि पाणकावळा यांचे पोट त्यांच्यावरच चालते. डासांच्या अळ्या खाऊन काही लहान मासे माणसावरही उपकार करतात. परंतु तलावात हे मासे आहेत तरी किती? गेल्या वर्षी होते तितकेच आहेत, की कमी झाले आहेत? एखादी जात तेथून कायमची नाहीशी तर झाली नाही ना?

रानातील वाघ दिसेनासा झाला, तर गावाला त्याची चाहूल लागते. माळरानावरचा पक्षी नाहीसा झाला, तर त्याची साद ऐकू येईनाशी होते. माशाचे तसे नाही. पाण्याचा पृष्ठभाग वरून पूर्वीइतकाच निळा आणि शांत दिसतो, आणि खाली एखादे कुळ संपून गेलेले असते. म्हणूनच पाण्याखालच्या रहिवाशांची शिरगणती करावी लागते. ती करणे वाटते तितके सोपे नाही. तलाव उपसून कोरडा केला, तर सर्व मासे मोजता येतील हे खरे. पण मग वाचवावयाला मासेच उरणार नाहीत. न दिसणारे, एका जागी न थांबणारे आणि हातात धरले तर मरणारे प्राणी जिवंत ठेवून कसे मोजावयाचे, हा जीवशास्त्रज्ञांपुढचा खरा प्रश्न आहे.

धामापूरसारख्या तलावाची पाहणी करावयाची झाली, तर प्रथम मत्स्यव्यवसाय खात्याची व गावाची परवानगी घ्यावी लागते. आणि मग शास्त्रज्ञ पाण्याकडे वळण्यापूर्वी माणसांकडे वळतात. तलावाकाठी जन्म काढलेल्या वृद्ध कोळ्याला कोणता मासा कोठे राहतो, कोणत्या महिन्यात अंडी घालतो, लहानपणी दिसणारा कोणता मासा आता दिसत नाही, हे ठाऊक असते. या ज्ञानाचा विज्ञानाने पूर्वीपासून आदर केला आहे. कंपनी सरकारच्या लष्करातील कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी दिलेल्या शास्त्रीय नावांत ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘मुसुल्ला’ अशी नावे आढळतात. ही लॅटिन नव्हेत. नदीकाठच्या लोकांच्या बोलीतून ती शास्त्रात गेली आहेत. महसीर नावाच्या थोर माशाची दख्खनी जात आजही जगभर ‘टॉर खुद्री’ या नावानेच ओळखली जाते.

त्यानंतर तलावाची मापे घेतात. कोठे किती खोली आहे, तळाशी चिखल आहे की खडक, काठाला पाणवनस्पती किती आहेत, हे टिपून ठेवतात. पाणी किती नितळ आहे हे पाहण्यासाठी एक पांढरी, किंवा काळ्यापांढऱ्या रंगाची, थाळीएवढी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात. ती ज्या खोलीवर दिसेनाशी होते, ती खोली मोजावयाची. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरू-ज्योतिर्विदाने १८६५ मध्ये ही युक्ती भूमध्य समुद्रात प्रथम वापरली, म्हणून तिला सेकीची तबकडी म्हणतात. उपकरण असावे तर असे. बिघडावयाला त्यात काहीच नाही.

आता जाळ्यांची पाळी येते. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील एक जाळे ओळखीचे वाटेल. समुद्रात होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकून दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढतात, तसेच एक लहान जाळे तलावाच्या उथळ काठाशी ओढतात. खोल पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे लावतात. झाडीत व खडकांच्या सांदीत पिंजऱ्यासारखे सापळे ठेवतात. कोठे हाताने भिरकावून पाग टाकतात.

इतकी निरनिराळी जाळी कशासाठी? जाळ्याच्या प्रत्येक छिद्राला ‘आस’ म्हणतात. मोठ्या आसाच्या जाळ्यातून लहान मासा सुखरूप निसटतो. लहान आसाच्या उभ्या जाळ्यात मोठ्या माशाचे डोकेच शिरत नाही, तो नाक आपटून परत फिरतो. म्हणजे प्रत्येक जाळे आपल्या मापाचेच मासे दाखविते आणि उरलेल्यांविषयी मौन पाळते. जो केवळ मोठ्या आसाचे जाळे टाकील, तो ‘या तलावात सगळे मासे मोठेच आहेत’ असे सांगेल, आणि स्वतःच्या दृष्टीने ते खरेच सांगेल! म्हणून पाहणीत लहानमोठ्या आसांचे तुकडे जोडलेले जाळे वापरतात. वेळेचेही तसेच आहे. काही मासे दिवसा फिरतात. शिंगटी आणि वाम रात्री बाहेर पडतात. जो रात्री जाळे लावणार नाही, त्याला त्या भेटणार नाहीत. जाळी लावण्याच्या जागाही मनाला येईल तशा निवडून चालत नाही. जेथे मासे भरपूर मिळतात असे ठाऊक आहे, तेथेच जाळे टाकले, तर तलावभर मासेच मासे आहेत असा भास होईल. म्हणून तलावाच्या नकाशाचे भाग पाडून, चिठ्ठ्या टाकाव्या तशा जागा ठरवितात, आणि चिठ्ठीत ओसाड जागा आली तरी तेथे जाळे टाकतातच. रिकामे आलेले जाळेसुद्धा वहीत लिहावयाचे असते.

या पहिल्या पाहणीतून तलावात कोणकोणत्या जाती आहेत, हे कळते. या कामात कधी कधी अनपेक्षित लाभही होतो. याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोली येथे हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथील महादेवाच्या मंदिराजवळच्या कुंडात एक बोटभर लांबीचा, रंगाने खुलणारा मासा राहतो. भाविक तो कित्येक वर्षे पाहत आले होते. देवाच्या कुंडातला म्हणून त्याला कोणी धरीत नसे. २०२० मध्ये संशोधकांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा ती जात विज्ञानाला अगदी नवी असल्याचे आढळून आले. ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ असे तिचे नामकरण झाले, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून संरक्षण दिले. नाव मिळाल्यानंतर एका वर्षाच्या आत कुंडाला कायद्याचे कवच मिळाले. जिला नाव नाही, त्या जातीचे रक्षण सरकारी कागदावर कसे लिहावे?

तथापि जातींची यादी म्हणजे शिरगणती नव्हे. यादीत मरळ आहे. पण मरळी दहा आहेत, की दहा हजार? येथे पुष्कळांची एक फसगत होते. समजा, एका कोळ्याने गेल्या वर्षी एका रात्रीत वीस किलो मासे धरले आणि या वर्षीही वीस किलोच धरले. ‘मासे होते तेवढेच आहेत’, असे तो म्हणेल. पण गेल्या वर्षी त्याची जाळी दोन होती आणि या वर्षी पाच आहेत! म्हणजे गेल्या वर्षी दर जाळ्याला दहा किलो मासे मिळाले होते, या वर्षी अवघे चार. टोपली तेवढीच भरली खरी, पण ती भरण्यासाठी अडीचपट कष्ट लागले. जगातील कित्येक ठिकाणचे मासे असेच कोणाच्या ध्यानात न येता घटत गेले. बाजारात मासे येत राहिले, आणि ते आणण्यासाठी होड्या किती वाढल्या, हे कोणी पाहिले नाही. म्हणून शास्त्रज्ञांच्या वहीत नुसते ‘किती मिळाले’ असे लिहीत नाहीत; किती जाळ्यांत, किती तासांत मिळाले, हेही शेजारी लिहितात.

एवढ्यानेही मासे वाढले की घटले, इतकेच कळते. प्रत्यक्ष संख्या काढण्यासाठी जी युक्ती वापरतात, ती शाळेतील त्रैराशिकावर आधारलेली आहे. डेन्मार्कमध्ये पीटरसन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ होऊन गेले. आपल्याकडील लेपासारखा चपटा असा एक मासा तेथील लिमफ्योर्ड या समुद्राच्या फाट्यात मिळे. पीटरसन यांनी काही माशांना खुणा करून ते परत पाण्यात सोडले, आणि पुढे धरलेल्या माशांत खुणेचे किती येतात, हे पाहिले. त्यांचे हे संशोधन १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की याच धाटणीच्या हिशेबाने लाप्लास या गणितज्ञाने १८०२ मध्ये फ्रान्स देशाची लोकसंख्या काढली होती. माणसांचे गणित माशांच्या उपयोगी पडले.

ती रीत अशी. समजा, एका तलावातील एका जातीचे १२० मासे धरले. प्रत्येकाला खूण करून पुन्हा सोडून दिले. काही दिवस जाऊ दिले. तेवढ्यात खुणेचे मासे इतरांत मिसळून गेले. मग दुसऱ्यांदा जाळी टाकली, आणि १०० मासे मिळाले. त्यांत खुणेचे ६ निघाले. आता त्रैराशिक मांडावयाचे: ६ खुणेचे मासे १०० माशांत, तर १२० खुणेचे मासे किती माशांत? १२० गुणिले १०० भागिले ६, उत्तर २,०००. तलावात त्या जातीचे सुमारे दोन हजार मासे असावेत. एकालाही न मारता, सगळ्यांना न पाहता, संख्या हाती आली.

वर्गातील मुलांनी हा प्रयोग चिंचोक्यांवर करून पाहण्याजोगा आहे. एका मडक्यात न मोजता पुष्कळ चिंचोके भरावेत. त्यांतून पन्नास काढून त्यांना चुन्याचा ठिपका लावावा, वाळू द्यावे, परत मडक्यात टाकून मडके चांगले हलवावे. मग डोळे मिटून दोन-तीन मुठी बाहेर काढाव्या आणि ठिपक्याचे किती आले ते पाहून हिशेब करावा. शेवटी मडके पालथे करून सारे चिंचोके मोजावे. उत्तर नेमके जुळणार नाही. बहुधा थोडे इकडेतिकडे होईल. प्रयोग पाचदा केला, तर पाच निराळी उत्तरे येतील. यात हिशेब चुकलेला नसतो. वरच्या उदाहरणात खुणेच्या ६ माशांऐवजी योगायोगाने ५ मिळाले असते, तर उत्तर २,४०० आले असते. ७ मिळाले असते, तर १,७१४. एका माशाच्या फरकाने शेकडोंचा फरक पडतो! चॅपमन या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या सूत्रात एक लहानशी दुरुस्ती सुचविली. तिन्ही आकड्यांत एक-एक मिळवून हिशेब करावयाचा, आणि शेवटी एक वजा करावयाचा. त्या रीतीने आपले उत्तर २,००० ऐवजी सुमारे १,७४५ येते. म्हणून जाणता शास्त्रज्ञ ‘तलावात दोन हजार मासे आहेत’ असे कधीच म्हणत नाही. ‘अमुक इतक्यापासून अमुक इतक्यापर्यंत असावेत’, असे म्हणतो. ऐकणाऱ्याला ते भित्रेपणाचे वाटते; खरे पाहता तो प्रामाणिकपणा होय.

मडक्यातील चिंचोके पळत नाहीत, मरत नाहीत, आणि मुठीला घाबरत नाहीत. मासे हे सर्व करतात. खूण करताना माशाला इजा झाली आणि तो मेला, तर दुसऱ्या जाळ्यात खुणेचे मासे कमी येतील, आणि हिशेबात तलावातील माशांची संख्या आहे त्याहून फुगून दिसेल. खूण गळून पडली, तरी तोच परिणाम. एकदा जाळ्यात सापडलेला मासा शहाणा झाला आणि जाळे टाळू लागला, तरीही तेच. म्हणजे निष्काळजीपणे केलेली मोजणी बहुधा एकाच दिशेने चुकते; मासे आहेत त्याहून अधिक आहेत, असे सांगते. ही चूक फार महागात पडते. कारण ‘मासे भरपूर आहेत’ असा अहवाल आला, की अधिक जाळी टाकण्यास मुभा मिळते, आणि जी जात आधीच थोडी उरली आहे, ती आणखी धरली जाते. वहीतील चुकलेला आकडा अशा रीतीने पाण्यातील माशाच्या जिवावर उठतो.

म्हणूनच मासा हाताळताना फार काळजी घेतात. माशाच्या अंगावर बुळबुळीत द्रव्याचा थर असतो. तो त्याचे रोगांपासून रक्षण करतो. कोरड्या हाताचा नुसता स्पर्श झाला तरी हा थर निघतो. म्हणून हात आधी ओले करतात, आणि मासा ओल्या कापडावर ठेवूनच त्याची लांबी व वजन घेतात. काम पहाटे, पाणी गार असताना उरकतात. मासा तडफडू नये, म्हणून त्याला थोडा वेळ औषध घातलेल्या पाण्यात ठेवून गुंगी आणतात. या कामी लवंगेचे तेलही वापरतात. दाढदुखीवर घरोघरी असणारे हे तेल माशालाही शांत करते, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. खूण म्हणून पराचा इवलासा कोपरा कातरतात, किंवा बारीक रंगीत फीत टोचतात. अलीकडे तांदळाच्या दाण्याएवढी एक नळीही माशाच्या अंगात घालतात, आणि यंत्र जवळ नेले की तिच्यातला क्रमांक वाचता येतो. मासा शुद्धीवर येऊन स्वतःहून पोहू लागेपर्यंत त्याला स्वच्छ पाण्यात ठेवतात, आणि मगच तलावात सोडतात. परडीतील दागिन्यांची अट येथे अशी काटेकोर पाळावी लागते.

हंगामही पाहावा लागतो. वरील त्रैराशिक तेव्हाच खरे ठरते, जेव्हा दोन्ही जाळ्यांच्या मधल्या काळात बाहेरचे मासे आत येत नाहीत आणि आतले बाहेर जात नाहीत. कोकणात पावसाळ्यात हे अशक्य असते. डोंगरातून उतरणारे ओहोळ, ज्यांना मालवणी बोलीत व्हाळ म्हणतात, दुथडी भरून तलावाला मिळतात, आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून खाली जाते. मासे दोन्ही वाटांनी ये-जा करतात. म्हणून ही गणती पाऊस सरल्यावर, प्रवाह मंदावल्यावर करतात.

याखेरीज इतरही साधने आहेत. होडीखाली बसविलेले ध्वनियंत्र पाण्यात नाद सोडते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. तेव्हा एक शतांश सेकंदात प्रतिध्वनी आला, तर तो सुमारे साडेसात मीटर खोलीवरून आला असे समजावयाचे. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्यावर आदळून नाद चांगला परततो. यंत्र मासा दाखविते, पण तो कोणत्या जातीचा हे सांगत नाही. उलट, पाण्याचा नुसता नमुना घेऊन त्यात कोणत्या जातीच्या माशांचे सूक्ष्म अंश उतरले आहेत, हे प्रयोगशाळेत ओळखण्याची नवी रीत निघाली आहे. फ्रान्समधील तळ्यांत एका परकीय बेडकाचा शोध अशा रीतीने लागल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही रीत जात सांगते. पण डोकी नीट मोजीत नाही. त्यामुळे जुनी जाळी अजून अडगळीत पडलेली नाहीत. मरळीच्या बाबतीत तर नुसती नजरही पुरते. ती वरचेवर हवा घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येते, आणि तिच्या तांबूस पिलांचा थवा वर तरंगू लागला, की खाली आईबाप राखणीला आहेत असे खुशाल समजावे.

एकूण संख्येइतकेच महत्त्व वयाला असते. माशाचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यावर झाडाच्या खोडातल्यासारखी वलये दिसतात. कानातील चिमुकल्या खड्यावरही तशीच वलये असतात. थंड देशांत हिवाळ्यात वाढ खुंटते, म्हणून ती स्पष्ट उमटतात. आपल्याकडे हिवाळा सौम्य असल्याने ती वाचणे अवघड जाते, आणि माशांच्या लांबीवरून वयाचा अंदाज बांधणे बरे पडते. समजा, एखाद्या जातीचे मोठे मासे भरपूर मिळाले, पण बोटभर लांबीचे एकही पिलू लहान आसाच्या जाळ्यातसुद्धा आले नाही. संख्या पाहून सारे आनंदित होतील. अनुभवी माणूस मात्र चिंतेत पडेल. ज्या गावात म्हातारेच राहतात आणि पाळणा हलत नाही, त्या गावासारखी त्या तलावाची अवस्था झालेली असते.

असे का होते, याचे एक उत्तर कोकणातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मात्र ते उत्तर आहे हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. मृग नक्षत्राचा पहिला जोराचा पाऊस झाला, की मासे पाण्याच्या उलट दिशेने व्हाळांतून, शेतांतून वर चढू लागतात. हेच चढणीचे मासे. त्या रात्री बत्त्या, कोयते, जाळी घेऊन माणसे व्हाळावर जमतात आणि मासे सहज हाती लागतात. ते सहज सापडतात, कारण ते अंड्यांनी जड झालेले असतात आणि उथळ पाण्यात अंडी घालण्यासाठी निघालेले असतात. चढणीची एक मादी धरली, म्हणजे पुढच्या वर्षीची शेकडो-हजारो पिले त्याच टोपलीत पडली. व्हाळाच्या तोंडाशी कोणी आडवा बांध घातला, तरीही वाट अडून तोच परिणाम होतो.

दुसरे उत्तर दूरदेशाहून आले आहे. आफ्रिकेतील तिलापिया हा मासा १९५२ मध्ये श्रीलंकेतून भारतात आणला गेला. तो भराभर वाढतो, वर्षातून अनेकदा पिले देतो, आणि मादी अंडी व पिले तोंडात घेऊन सांभाळते, त्यामुळे ती सहसा दगावत नाहीत. लोकांना स्वस्त मासा मिळावा, हा आणणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण अनेक जलाशयांत त्याने देशी माशांचे अन्न आणि जागा बळकावली. अशा पाहुण्याचा शिरकाव वेळीच कळावा, यासाठीही दर वर्षीची पाहणी उपयोगी पडते.

मोजणी चांगली झाली, तर तिच्यावरून निर्णय घेता येतात. कोणत्या महिन्यात मासेमारी बंद ठेवावी, जाळ्याचा आस किती असावा, कोणता व्हाळ मोकळा राखावा, बाहेरची पिले सोडावी की नाही, हे त्यावरून ठरते. महसीर घटत चालल्याचे ध्यानात आल्यावर लोणावळ्याजवळ, टाटांच्या वीज-प्रकल्पाच्या वळवण तलावाकाठी १९७० नंतरच्या दशकात महसीराची पिले वाढविण्याचे काम सुरू झाले, आणि तेथील पिले पुढे अनेक जलाशयांत सोडली गेली.

पहिल्या वर्षाचे आकडे एकटे फारसे बोलत नाहीत. त्यांच्या शेजारी दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वर्षाचे आकडे मांडले, म्हणजे तलावाची कहाणी दिसू लागते. त्यासाठी दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, तीच जाळी तितकेच तास लावावी लागतात. आणि जुन्या खुणांवर भागत नाही. कातरलेला पराचा कोपरा काही महिन्यांत पुन्हा भरून येतो. गेल्या वर्षी मोजलेला मासा या वर्षी जाळ्यात आला, तरी त्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. तेव्हा हात ओले करावयाचे, ओले कापड पसरावयाचे आणि पहिल्या माशापासून पुन्हा मोजावयास लागावयाचे.